हातभर कोरी भिंत
(व्याख्यानाचा मजकूर)



ससून रुग्णालयाचे नाव ऐकले नाही असा पुणेकर सापडणे कठीण. परंतु ज्या डेव्हिड ससून यांच्या दातृत्वामुळे ते नाव या शहराला चिकटले, त्यांची समाधी याच शहरात, लष्कर भागातील ‘लाल देवळा’च्या आवारात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बगदादमधील छळामुळे घरदार सोडून निघालेले हे गृहस्थ १८३२ मध्ये मुंबईस आले, व्यापारात अमाप संपत्ती मिळवली (त्या संपत्तीत अफूच्या व्यापाराचाही वाटा होता, हेही सांगितलेच पाहिजे) आणि १८६४ मध्ये पुण्यातच निवर्तले. त्यांनी बांधावयास घेतलेले ‘ओहेल डेव्हिड’ हे प्रार्थनामंदिर १८६७ मध्ये पुरे झाले. लाल विटांचा तो उंच मनोरा आणि त्यावरचे घड्याळ पाहून पुणेकरांनी त्याचे साधे, सोपे नामकरण केले, ‘लाल देऊळ’. दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनास्थळाला देऊळ म्हणून मोकळे होणारी ही लोकभाषा मोठी गोड आहे.

पुण्यातील दुसरे ज्यू प्रार्थनामंदिर रास्ता पेठेत आहे, १९२१ सालचे ‘सुक्कथ शेलोमो’. ते बेने इस्रायल समाजाचे. लाल देऊळ बगदादी ज्यूंनी बांधले. रास्ता पेठेतले देऊळ ज्यांची मायबोली मराठी आहे, आडनावे पेणकर, दिवेकर, केहिमकर अशी आहेत, त्या आपल्या पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ज्यूंचे. आजच्या विषयाला हाच समाज जवळचा आहे. विषय आहे तो शोकाचा. एका व्यक्तीच्या मृत्यूचा शोक सर्वांच्या परिचयाचा असतो. पण एखाद्या राष्ट्रावर कोसळलेल्या संकटाचा शोक पिढ्यान् पिढ्या कसा करावा, आणि त्या शोकातून माणसाने कोठे पोहोचावे, याचा विचार ज्यू समाजाने जितक्या चिवटपणे केला, तितका क्वचितच कोणी केला असेल.

ज्यूंचे पंचांग आपल्यासारखेच चंद्रावर चालते आणि सूर्याशी मेळ घालण्यासाठी अधिक मास घेते. त्यामुळे पुष्कळ वर्षी त्यांचा ‘अव’ महिना आणि आपला श्रावण हातात हात घालून चालतात. या अव महिन्याची नववी तिथी, ‘तिशा बेअव’, हा त्यांचा राष्ट्रीय शोकदिन. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी तो श्रावण शुद्ध नवमीच्या सुमारासच आला होता. जेरुसलेमचे पहिले मंदिर बाबिलोनच्या सैन्याने इ.स.पू. ५८६ मध्ये जाळले. दुसरे रोमन सेनापती टायटस याने इ.स. ७० मध्ये. या दोन्ही घटना परंपरेने एकाच तिथीवर ठेवल्या. पुढे १४९२ मध्ये स्पेनमधून झालेल्या हकालपट्टीची आठवणही या तिथीशी जोडली गेली. अव महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत मद्य-मांस वर्ज्य. नवमीच्या आदल्या सूर्यास्तापासून चोवीस तासांहून अधिक काळ निर्जळी उपवास. चामड्याच्या वहाणा पायात घालायच्या नाहीत, भेटल्यावर कुशल विचारायचे नाही, मंद उजेडात जमिनीवर बसून विलापगीते वाचायची. सुतकात बसलेल्या माणसाचे सारे नियम त्या दिवशी साऱ्या समाजाला लागू.

कोकणातल्या बेने इस्रायलांनी या दिवसाला जे नाव दिले ते ऐकण्यासारखे आहे. ते म्हणजे ‘बिरड्याचा रोजा’. वाल भिजवावेत, मोड आणावेत, सोलावेत आणि त्याचे बिरडे करावे, ही अलिबाग-पेणकडची घराघरातली रीत. हजारो मैलांवरच्या, कधीही न पाहिलेल्या मंदिराच्या राखेची आठवण या माणसांनी वालाच्या बिरड्यात जपली. ‘रोजा’ हा शब्द मुसलमान शेजाऱ्यांकडून आला, बिरडे हिंदू शेजाऱ्यांकडून, आणि दुःख मात्र स्वतःचे.

येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज ग्रीक राजवटीच्या जाचामुळे इ.स.पू. दुसऱ्या शतकात गलबताने निघाले, अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. वाहून आलेली प्रेते नवगावला पुरली, ती जागा आजही हा समाज पवित्र मानतो. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. ग्रंथ समुद्रात गेले, भाषा विसरली; उरले ते सुंतेचा संस्कार, शनिवारची विश्रांती, माशांविषयीचा नियम आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना. बाराव्या शतकातील थोर ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिदिस याने एका पत्रात भारतातील ज्यूंचा उल्लेख केला आहे. शब्बाथ आणि आठव्या दिवशीची सुंता याखेरीज त्यांना धर्मशास्त्रातले काही ठाऊक नाही असे तो म्हणतो.

ही परंपरा खरी मानली, तर दुसरे मंदिर पडले तेव्हा ही मंडळी कोकणात घाणे चालवीत होती. त्यांना त्याची खबरही नव्हती. पुढे कित्येक शतकांनी बाहेरून आलेल्या धर्मबांधवांनी ती त्यांना सांगितली असणार. तशा गुरूंपैकी डेव्हिड राहबी हे नाव या समाजात आजही आदराने घेतले जाते. दूरदेशीच्या आप्ताचा मृत्यू फार उशिरा कळला तर नुसत्या स्नानाने सुतक फिटते, असे आपल्याकडे मानतात. ज्यू शास्त्रही तसेच सांगते. तीस दिवसांनंतर बातमी कळली तर घटकाभराचा शोक पुरे, आईबापांचा तेवढा अपवाद. परंतु मंदिराची बातमी शेकडो वर्षांनी कळूनही कोकणातल्या तेल्यांनी स्नान करून हात झटकले नाहीत. त्यांनी दर वर्षाचा उपवास धरला. ते मंदिर त्यांना आईबापांच्या ठिकाणी होते, असेच म्हणावे लागते.

आता या शोकाच्या गाभ्याकडे वळू. मंदिर कोणी पाडले? इतिहासाचे उत्तर सरळ आहे, रोमनांनी. तालमुदकारांना हे ठाऊक नव्हते असे नाही. परंतु त्यांनी प्रश्न वेगळा विचारला, ‘मंदिर कशामुळे पडले?’ आणि स्वतःच उत्तर दिले की दुसऱ्या मंदिराच्या काळी अध्ययन होते, धर्माचरण होते, दानधर्मही होता. तरी ते पडले, कारण माणसे एकमेकांचा निष्कारण द्वेष करीत होती. यावर त्यांनी एक कथा सांगितली आहे.

जेरुसलेममध्ये एका धनिकाने मेजवानी घातली. त्याचा मित्र कामझा आणि शत्रू बार कामझा. नोकराने नावाचा घोटाळा केला आणि आमंत्रण शत्रूला गेले. यजमानाने पाहिले तो शत्रू पंगतीत बसलेला. ‘ऊठ’ म्हणाला. त्या गृहस्थाने विनवले की आलोच आहे तर राहू द्या, माझ्या जेवणाचे पैसे देतो. यजमान ऐकेना. अर्ध्या मेजवानीचा खर्च देऊ केला, मग साऱ्या मेजवानीचा. यजमानाने हाताला धरून त्याला बाहेर काढले. भर पंगतीतून उठवणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पण त्याच्या जिव्हारी लागले ते वेगळेच. त्या पंगतीत शहरातले विद्वान धर्मज्ञ बसले होते आणि त्यांच्यापैकी एकानेही तोंड उघडले नव्हते. म्हणजे त्यांना हे मान्य आहे, असे समजून तो रोमन सत्तेकडे गेला आणि ज्यू बंडाच्या तयारीत असल्याची चुगली केली. पुरावा म्हणून सम्राटाने मंदिरात अर्पण करण्यास एक वासरू पाठवले. वाटेत याने त्या वासराला ज्यू शास्त्राप्रमाणे दोष ठरेल अशी बारीक इजा केली. धर्मज्ञांपुढे पेच पडला. राज्याशी सलोखा राहावा म्हणून अर्पण स्वीकारावे, असे बहुतेकांचे मत होते. परंतु एका काटेकोर पंडिताने लोक काय म्हणतील, चुकीचा पायंडा पडेल, असे आक्षेप काढून ते होऊ दिले नाही. पुढे सारे शहर जळाले.

कथेतली मार्मिक गोष्ट अशी की दोष एकट्या फितुरावर टाकलेला नाही. उद्दाम यजमान, गप्प बसलेले विद्वान, अपमान गिळता न आलेला पाहुणा आणि शास्त्राच्या अक्षरापुढे माणसांचे प्राण न दिसणारा पंडित, या सर्वांची नावे त्या आरोपपत्रात आहेत. कथा इतिहास म्हणून तपासायची नसते. पराभूत समाजाने स्वतःला काय सांगायचे ठरवले, याचा ती पुरावा आहे. रोमनांना शिव्या देणे सोपे होते, आणि त्यांनी त्या दिल्याही. पण उपवासाच्या दिवशी मुलांना सांगायला निवडली ती पंगतीची गोष्ट.

आपल्याकडे १४ जानेवारी १७६१ चे पानिपत आहे. घरटी माणूस गेला असे सांगणारे ते संकट मराठी भाषेत वाक्प्रचार होऊन उरले आहे. निवडणुकीत अमक्या पक्षाचे पानिपत झाले, असे वर्तमानपत्रे सहज छापतात. इतिहासकारांनी आपले काम चोख केले. सूरजमल जाट का दुरावला, यात्रेकरूंचा आणि बाजारबुणग्यांचा भार का वाहिला, होळकर केव्हा निघाले, यावर ग्रंथ झाले. पण घरातल्या वर्षक्रमात त्या तिथीला काही करायचे असते, असे ठरले नाही. पुण्याच्या पेठांतून जी कुटुंबे उद्ध्वस्त झाली, त्यांचा शोक त्या कुटुंबांबरोबर संपला.

शोक किती करावा, हाही प्रश्न तालमुदकारांपुढे आला. मंदिर पडल्यावर अनेकांनी मांस आणि मद्य कायमचे सोडले. वेदीवर अर्पण होत असे ते आता आम्ही कसे खावे, असे त्यांचे म्हणणे. रब्बी येहोशुआ त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, मग भाकरीही सोडा, कारण पिठाचे अर्पणही थांबले. ते म्हणाले, फळांवर राहू. मग फळेही सोडा, प्रथमफळांचे अर्पणही थांबले. बरे, पाणी? पाण्याचा अर्घ्यही आता नाही. मंडळी निरुत्तर झाली. तेव्हा येहोशुआंनी समजावले की मुळीच शोक न करणे शक्य नाही आणि झेपणार नाही इतका शोक करणेही योग्य नाही. तोडगा असा निघाला की घर बांधावे, गिलावा करावा. फक्त हातभर लांब, हातभर रुंद जागा गिलाव्याविना कोरी ठेवावी. जेवण करावे, त्यातला एखादा पदार्थ कमी ठेवावा. विवाहमंडपात काचेचा पेला पायाखाली फोडतात, तीही रीत याच भावनेतली.

व्यक्तीच्या मृत्यूचा शोकही असाच मोजून दिलेला आहे. सात दिवस घरात जमिनीवर बसायचे, आरसे झाकायचे. पहिले जेवण शेजाऱ्यांनी आणायचे, अंडी किंवा मसूर. सुतकाच्या घरी शेजारून पिठलेभात येतो, तसेच. मग तीस दिवस, आईवडिलांसाठी वर्ष. आईवडिलांच्या मृत्यूवेळी छातीवरचे वस्त्र फाडतात. ते पुढे टाचता येते, पण पूर्ववत शिवायचे नसते. मृतासाठी मुलगा ‘कद्दिश’ म्हणतो. त्या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखच नाही, ईश्वराची स्तुती आहे. आणि ती एकट्याने म्हणता येत नाही, परंपरेने दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती लागते. शोकाकुल माणसाला दहा जणांत आणून उभे करण्याची ही व्यवस्था आहे. लहान समाजात तिचा काच किती असेल, याची कल्पना करावी. रास्ता पेठेत किंवा अलिबागला कुटुंबामागून कुटुंब इस्रायलला गेले, तेव्हा मागे राहिलेल्या म्हाताऱ्यासाठी दहावा माणूस शोधणे हेच एक काम होऊन बसले. नाझी छळछावण्यांत मारलेल्या लक्षावधींची मृत्युतिथीच कोणास ठाऊक नाही. त्यांच्यासाठी इस्रायलच्या धर्मपीठाने ‘तेवेत’ महिन्याची दहावी तिथी सार्वत्रिक कद्दिशसाठी ठरवली. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांची सर्वपित्री अमावास्या, ही आपली सोय येथे आठवल्यावाचून राहत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेल्या मुंबईवरील हल्ल्यात दहशतवाद्यांनी कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये रब्बी गॅव्ह्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांच्या पत्नी रिव्का आणि आणखी चार ज्यूंना ठार केले. त्यांचा दोन वर्षांचाही न झालेला मोशे वाचला, तो सँड्रा सॅम्युअल या दाईने जिवावर उदार होऊन त्याला बाहेर आणले म्हणून. पुढे त्याच्याबरोबर त्या इस्रायललाही गेल्या. केंद्र २०१४ मध्ये पुन्हा सुरू झाले. वरच्या मजल्यावरच्या गोळ्यांनी चाळण झालेल्या भिंती मात्र तशाच ठेवल्या आहेत. रब्बी येहोशुआंनी सांगितलेली हातभर कोरी भिंत ती हीच. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्यात जर्मन बेकरीत स्फोट झाला, सतरा माणसे गेली. जवळच तसेच एक ज्यू केंद्र होते. ज्यांची मुले त्या संध्याकाळी तेथे गेली होती, त्या घरांखेरीज आज ती तारीख पुण्यात किती जणांना आठवते?

निष्कारण द्वेषाची ती जुनी शिकवण ज्यूंनी नेहमीच पाळली, असे समजण्याचे कारण नाही. बेने इस्रायल इस्रायलला गेले ते भारतात छळ झाला म्हणून नव्हे, तर पूर्वजांच्या भूमीच्या ओढीने. तेथे गेल्यावर काही धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या विवाहांबाबत शंका काढल्या. तुम्ही पुरते ज्यू कशावरून, असा प्रश्न टाकला. शनिवारचा घाणा शतकानुशतके बंद ठेवणाऱ्यांना हा प्रश्न! त्यांनी आंदोलन केले, धरणे धरले आणि १९६४ मध्ये पूर्ण मान्यता मिळवली. भर पंगतीतून उठवले जाणे म्हणजे काय, हे त्यांनीही अनुभवले. २०२३ च्या उन्हाळ्यात न्यायव्यवस्थेतील बदलांवरून इस्रायली समाज दुभंगला. २४ जुलैला त्यातला पहिला कायदा संसदेत संमत झाला आणि दोनच दिवसांनी तिशा बेअवचा उपवास सुरू झाला. त्या वर्षी निष्कारण द्वेषाची आठवण तेथे दोन्ही बाजूंनी काढली गेली, बहुधा समोरच्या बाजूला उद्देशून. ७ ऑक्टोबरला, सणाच्या दिवशी, हमासच्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसे मारली गेली. नंतरचे युद्ध आणि गाझातील हजारो मृत्यू हा स्वतंत्र आणि वेदनादायक विषय आहे, त्याला या व्याख्यानात न्याय देता येणार नाही. परंतु उपवासाचा अर्थ समोरच्याला ऐकवण्यापुरता वापरला की त्यातला प्राण जातो, हे त्या उन्हाळ्यात दिसले.

मायमोनिदिसने हे फार स्पष्ट लिहून ठेवले आहे. राष्ट्रीय उपवास कशासाठी? पूर्वजांची आणि आपली दुष्कृत्ये सारखीच आहेत, याची जाग यावी म्हणून. नुसते उपाशी राहणे हा हेतू नव्हे. म्हणून ज्यूंचा वर्षक्रम तिशा बेअवपाशी थांबत नाही. त्यानंतरचे सात शनिवार प्रार्थनामंदिरात सांत्वनाची प्रवचने वाचतात; तीन आठवडे शोकाच्या तयारीला आणि सात आठवडे सांत्वनाला, हे प्रमाणही बोलके आहे. मग ‘एलुल’ महिना येतो, साधारण आपला भाद्रपद. या महिन्यात मेंढ्याच्या शिंगाचे रणशिंग फुंकून झोपलेल्या मनाला जागे करतात. नंतर नववर्ष, आणि दहाव्या दिवशी ‘योम किप्पुर’. या साऱ्या काळाला धरून असलेला शब्द ‘तेशुवा’. त्याचे भाषांतर आपण पश्चात्ताप असे करतो, पण मूळ अर्थ ‘परतणे’ हा आहे.

हे परतणे भावनेवर सोडलेले नाही. चूक सोडावी, ती शब्दांत उच्चारावी, पुन्हा न करण्याचा निश्चय करावा. आणि तसाच प्रसंग, तेवढेच सामर्थ्य असताना पुन्हा आला व माणूस वाचला, तर ते परतणे खरे. ईश्वराचा अपराध योम किप्पुरला क्षमा होईल, पण माणसाचा अपराध त्या माणसाने क्षमा केल्याखेरीज फिटणार नाही. त्याच्या दारी जावे. त्याने नाही म्हटले तर तीन स्नेह्यांना बरोबर घेऊन पुन्हा जावे, असे तीन वेळा. आणि तो माणूस मरून गेला असेल तर दहा जणांना त्याच्या थडग्यापाशी न्यावे आणि त्यांच्यासमक्ष, ह्या माणसाचा मी अमुक अपराध केला, असे मोठ्याने म्हणावे.

कोकणातल्या बेने इस्रायलांनी योम किप्पुरलाही मराठी नाव दिले होते, ‘दारफाळणीचा सण’. त्या दिवशी शुभ्र वस्त्रे नेसून, घराची दारे लावून, बाहेरच्या कोणाचा स्पर्श होऊ न देता ते उपवास करीत. २०२४ प्रमाणे २०२५ मध्येही तो दिवस आणि आपला दसरा एकाच तारखेला, २ ऑक्टोबरला, आला. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. दारे उघडत, गोरगरिबांना दान दिले जाई, आणि माणसे एकमेकांच्या घरी भेटीला निघत.